वनमाला : दोन भाषांत वाटली गेलेली कारकीर्द

वनमाला हे नाव घेतले की मराठी माणसाला ‘श्यामची आई’ आठवते. जुन्या हिंदी चित्रपटांच्या रसिकापुढे तेच नाव घ्या, त्याच्या डोळ्यांसमोर सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मधली रुखसाना उभी राहते. एकीकडे कोकणातल्या पडत्या घराची सोशिक गृहिणी, दुसरीकडे जगज्जेत्याची इराणी प्रेयसी. या दोन आठवणी एकाच बाईच्या आहेत हे अनेकांना सांगावे लागते, आणि सांगितल्यावर ऐकणारा चकित होतो. चकित होण्यासारखे त्यात काही नसावे, असे हे प्रास्ताविक लिहिताना मला वाटते. सुशीला पवार या नावाने २३ मे १९१५ रोजी उज्जैनमध्ये जन्मलेल्या, ग्वाल्हेरात वाढलेल्या आणि २४ मे २००७ रोजी ग्वाल्हेरातच देह ठेवलेल्या या अभिनेत्रीबद्दल आपल्याकडे तीन गोष्टी हटकून सांगितल्या जातात : त्या फार देखण्या होत्या, सरदार घराण्यातल्या होत्या, आणि वडिलांचा रोष पत्करून सिनेमात गेल्या. तिन्ही खऱ्या आहेत. पण रूप, घराणे आणि बंड यांनी त्यांच्या कारकिर्दीचा उलगडा होत नाही. माझे म्हणणे असे की त्या कारकिर्दीचा कणा माळवा-ग्वाल्हेरच्या मराठी जगाने त्यांना दिलेले दुभाषेपण हा आहे आणि शिक्षणाने त्याला धार चढवली आहे. आपल्या चित्रपटाचा इतिहास भाषावार खतावण्यांत लिहिला गेला, म्हणून नेमका हा कणाच कुणाच्या नजरेत भरला नाही.

उज्जैनमध्ये मराठी ही पाहुण्यांची भाषा नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी इथे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकाळेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. पुढे बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधले, ते आजही शहराच्या भर बाजारात उभे आहे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवला. तिथे त्यांच्या फौजेचा तळ पडला त्या भागाचे ‘लष्कर’ हे नाव अजून पुसले गेलेले नाही. राजधानी गेली तरी उज्जैन १९४८पर्यंत, म्हणजे मध्य भारत राज्य होईपर्यंत, ग्वाल्हेर संस्थानातच राहिले. या संस्थानात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाचे आयुष्य बदल्यांचे असे : आज उज्जैन, उद्या शिवपुरी, परवा लष्कर. वनमालाबाईंचे वडील कर्नल बापूराव पवार हे शिंदे सरकारच्या सेवेतले वरिष्ठ अधिकारी होते. अशा घरात देवघरातली आरती, स्वयंपाकघरातले बोलणे आणि वडीलधाऱ्यांचा दरारा मराठीत असे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मालवी किंवा हिंदी, आणि कचेरी-दरबारात उर्दू वळणाची हिंदुस्थानी. पुण्या-सातारच्या मुलीला हिंदी शिकावी लागे. या मुलांच्या कानावर ती पाळण्यापासून पडत असे.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. उज्जैनला फक्त जन्म झाला, वाढ ग्वाल्हेरची. मग केवळ जन्मगावाच्या आधारावर उज्जैनने हक्क सांगायचा काय? वनमालाबाईंपेक्षा जेमतेम दीड वर्षाने मोठी असलेली ब्रिटिश अभिनेत्री व्हिव्हियन ली १९१३ साली दार्जिलिंगला जन्मली, पण तिच्या अभिनयात दार्जिलिंग शोधण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. बालपणीच ती इंग्लंडच्या कॉन्व्हेंटात गेली आणि तिला घडवले ते तिकडच्या शाळांनी आणि रंगभूमीने. हे उदाहरण उलट माझ्या बाजूने बोलते. दार्जिलिंग आणि लंडन ही दोन वेगळी जगे होती. एक सुटले की सुटले. उज्जैन आणि ग्वाल्हेर हे मात्र एकाच संस्थानाचे, एकाच दुभाषी मराठी समाजाचे दोन मुक्काम. मुलगी एका गावातून दुसऱ्या गावात गेली, जग तेच राहिले. उज्जैनचा हक्क जन्मनोंदीपुरता नाही आणि तो एकट्या उज्जैनचाही नाही. तो इंदूर, धार, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर या सगळ्या पट्ट्यातल्या मराठी घरांचा सामायिक हक्क आहे.

व्हिव्हियन लीचे नाव निघालेच आहे तर आणखी एक फरक पाहू. तिच्या पिढीतल्या ब्रिटिश तरुणीला अभिनय करायचा असेल तर वाट आखलेली होती. १९०४ साली निघालेली नाट्यशाळा होती, गावोगावच्या नाटक मंडळ्या होत्या, वेस्ट एंड होते, आणि मग चित्रपट. नाटकात आवाज घडायचा आणि पडद्यावर चेहरा पोचायचा. मराठी मुलीपुढे १९३०च्या दशकात अशी वाट नव्हती. नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका वर्षानुवर्षे पुरुष करत आले होते. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या, पण तोवर बोलपटाने नाटक कंपन्यांचा धंदा बसवत आणला होता. दिल्लीची राष्ट्रीय नाट्यशाळा १९५९ची, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६०ची. या पिढीला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. म्हणून शिकलेल्या मुलींनी आपली तालीम दुसरीकडे केली. दुर्गाबाई खोटे मुंबईच्या सुखवस्तू, सुशिक्षित घरातून ‘अयोध्येचा राजा’त आल्या, लीला चिटणीस तर पदवीधर म्हणूनच गाजल्या. ग्वाल्हेरची पदवी घेऊन वनमालाबाई पुण्यात आल्या आणि शाळेत शिकवू लागल्या. वर्गासमोर उभे राहून स्पष्ट, ठाशीव, मागच्या बाकापर्यंत पोचेल असे बोलणे, हीच त्यांची नाट्यशाळा झाली. आचार्य अत्रे, बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक ही पुण्याची मंडळी त्यांना भेटली तेव्हा हे बोलणे तयार होते.

पडद्यावरची पहिली तीन वर्षे या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहेत. १९४०मध्ये के. नारायण काळे यांनी दिग्दर्शित केलेला, नवयुगचा ‘लपंडाव’ आला. १९४१मध्ये अत्र्यांच्या संस्थेसाठी गजानन जागीरदारांनी केलेला ‘पायाची दासी’ आला. तो हिंदीत ‘चरणों की दासी’ म्हणून निघाला आणि त्यात दुर्गाबाई खोटे यांची खाष्ट सासू समोर होती. त्याच वर्षी मिनर्व्हा मूव्हिटोनचा ‘सिकंदर’ आला. पृथ्वीराज कपूर सिकंदर, मोदी स्वतः पोरस, संवाद पंडित सुदर्शन यांचे. पदार्पणानंतर वर्षभरात एक मराठी मुलगी मराठी कंपनीच्या आधाराशिवाय हिंदुस्थानीतल्या भव्य ऐतिहासिक चित्रपटाची नायिका होते, ही साधी घटना नाही. ‘सिकंदर’ हा मुळात बोलण्याचा चित्रपट आहे. पृथ्वीराज आणि मोदी ही दोन्ही पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाची माणसे. त्यांच्या संवादफेकीसमोर उच्चार जरा जरी डळमळला असता तरी रुखसाना केवळ शोभेची बाहुली ठरली असती. रुखसाना शत्रूच्या, म्हणजे पोरसच्या दरबारी जाते आणि त्याला राखी बांधून सिकंदरच्या जिवाचे अभय मिळवते, हा चित्रपटाचा कळीचा प्रसंग आहे. तिथे तलवार चालत नाही, फौज दिसत नाही. सगळा भार एका बाईच्या शब्दांवर आहे. परक्या देशातल्या स्त्रीने या भूमीचा रिवाज हातात घेऊन राजाला बांधून टाकायचे, यासाठी आर्जव आणि खानदानी ताठा एकाच स्वरात लागतो. दरबारी अदब पाहत मोठी झालेली मुलगी ती गोष्ट नुसती पाठ करत नाही, तिला ती ठाऊक असते. हा चित्रपट देशाभिमान चेतवतो म्हणून ब्रिटिश सरकारने लष्करी छावण्यांतल्या थिएटरांत त्याला मज्जाव केला होता. संवादांची पकड किती घट्ट असेल, याची ती सरकारी पावतीच.

यावर दुसरा आक्षेप येतो : हे सारे डोळ्यांनी मिळवले, जिभेने नव्हे. वनमालाबाईंचे फिकट रंगाचे डोळे हा त्या काळच्या लेखनाचा आवडता विषय होता, आणि इराणी प्रेयसीला असा चेहरा हवाच होता. रूपाने दार उघडले हे मी नाकारत नाही. पण रूप त्या काळात दुर्मीळ नव्हते, बोली दुर्मीळ होती. प्रभात कंपनीच्या, मराठी आणि हिंदीत एकदमच निघणाऱ्या जोडचित्रपटांत हे नीट दिसते. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ ही १९४१चीच जोडी घ्या. मराठीत जिवा पाटील केशवराव दाते, हिंदीत त्याच जागी मजहर खान. दोन्हीकडे टिकले ते गजानन जागीरदार. दात्यांसारखा नटवर्यही दुसऱ्या भाषेत बदलला जातो तिथे दोन्ही भाषांत उभे राहणाऱ्या नटाची किंमत काय असेल ते सांगायला नको. एकाच सेटवर तोच प्रसंग दोनदा चित्रित करायच्या या धंद्यात दुभाषी नट म्हणजे निर्मात्याचा वाचलेला वेळ आणि पैसा.

तिसरा आक्षेप अधिक जड आहे. दुर्गाबाई खोटे मुंबईच्या, लीला चिटणीस धारवाडच्या, शांता आपटे, शांता हुबळीकर दक्षिणेकडच्या. या सगळ्यांनी हिंदीत नाव कमावले. यांपैकी कुणीही माळव्याची नव्हती. मग वनमालाबाईंच्या यशाला माळव्याची पार्श्वभूमी चिकटवायची कशाला? उत्तर क्रमात आहे. या अभिनेत्रींपैकी बहुतेकींच्या मागे आधी एखादी संस्था होती. दुर्गाबाई, आपटे, हुबळीकर यांच्या हिंदीची सुरुवात प्रभातच्या जोडचित्रपटांतून झाली, लीला चिटणीसांना ‘कंगन’ने नाव दिले ते पडद्यावर काही वर्षे काढल्यावर, आणि तेही बॉम्बे टॉकीजच्या शिस्तीत. आधी संस्था, मग हिंदी, हा त्यांचा क्रम. वनमालाबाईंचा क्रम उलटा आहे. हिंदी त्यांनी घरून आणली, म्हणून त्यांना एका संस्थेला बांधून घ्यावे लागले नाही. त्या अत्र्यांकडून मोदींकडे गेल्या, पुन्हा अत्र्यांकडे आल्या, १९४४मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमलसाठी ‘पर्बत पे अपना डेरा’ केला. ज्या काळात शांता आपट्यांना करारावरून प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसावे लागले (१९३९), त्या काळात हा मोकळेपणा ही मोठी मिळकत होती. माळव्याने यश दिले असा माझा दावा नाही. माळव्याने वावरायला मोकळीक दिली, एवढाच आहे.

‘सिकंदर’नंतर वर्षभराने अत्रे पिक्चर्सचा ‘वसंतसेना’ आला, दिग्दर्शन पुन्हा जागीरदारांचे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची नायिका उज्जयिनीची गणिका. मराठी प्रेक्षकाला ती ओळखीची होती ती देवलांच्या संगीत नाटकातून, आणि त्या नाटकात बालगंधर्वांसारख्या पुरुषाच्या देहातून. क्षिप्राकाठी जन्मलेल्या, शिंदेशाही सरदाराच्या मुलीने उज्जयिनीची गणिका रंगवणे याचे मोल दोन अंगांनी पाहावे लागते. पुरुषाने स्त्रीचे सौंदर्य अलंकारासारखे मिरवायचे ही जुनी रीत इथे बाजूला पडली. आणि ‘गणिका’ व ‘कुलीन’ या दोन शब्दांमध्ये समाजाने घातलेली भिंत एका कुलीन बाईने आपणहून ओलांडली. मूळ नाटकातही वसंतसेनेचा ध्यास हाच आहे : गणिकेला गृहिणीचे पद मिळावे. सिनेमात जाणारी बाई म्हणजे गणिकाच, असे मानणाऱ्या समाजापुढे ही भूमिका निवडायला धीर लागतो. या धीराची नोंद ‘बंड’ या एका शब्दात संपवणे म्हणजे त्यामागची निवड नाकारणे होय.

त्यानंतरची पाचसहा वर्षे ‘मुस्कुराहट’, ‘कादंबरी’, ‘शरबती आँखें’, ‘हातिमताई’ अशा चित्रपटांची. त्यांतले सगळेच टिकाऊ होते असे म्हणण्यात अर्थ नाही. युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई होती, नव्या पैशाचे नवे निर्माते होते, जुन्या संस्था मोडत होत्या. त्या धांदलीत भल्याभल्यांच्या वाट्याला सुमार कथा आल्या. कारकिर्दीच्या या टप्प्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. इतके मात्र ध्यानात ठेवावे की १९४७ नंतर वनमालाबाईंची नायिका म्हणून मागणी ओसरू लागली तेव्हा त्या तिशी ओलांडून गेल्या होत्या, आणि आपल्या सिनेमात त्या वयाच्या बाईसाठी आई होण्यावाचून दुसरे दार नसते.

ते दार त्यांनी १९५३मध्ये उघडले, आणि असे उघडले की आधीचे सगळे विसरले गेले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५पासून घरोघरी होती. गुरुजी १९५०मध्ये गेले. अत्र्यांचा चित्रपट त्यांनी पाहिला नाही. श्याम झालेले माधव वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक झाले, संगीत वसंत देसाईंचे. आता चौथा आक्षेप : हे यश गुरुजींच्या पुस्तकाचे आणि अत्र्यांच्या लेखणीचे, आई कुणीही झाली असती तरी रडवलेच असते. ज्यांनी चित्रपट नीट पाहिला आहे त्यांना हे पटू नये. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो आणि आई त्याच्यासाठी धोंड्यावर आपले लुगडे पसरते. पायांना जपतोस तसा मनालाही जप, हे ती त्याला त्याच वेळी सांगते. पुस्तकातला हा उपदेश मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. तो पडद्यावर आला की सुविचार होऊन बसण्याचा धोका मोठा. वनमालाबाई तिथे आवाज चढवत नाहीत, डोळे पाणावत नाहीत, वाक्याला वजन देण्यासाठी थांबत नाहीत. दहा कामांत गुंतलेली बाई मुलाचा हट्ट पुरवता पुरवता बोलून जाते, तसे ते येते. तीच बाई पोहायला न जाणाऱ्या मुलाच्या पाठीत शिमटी ओढते आणि नंतर त्या वळांकडे पाहून कळवळते. दोन्ही ठिकाणी चेहरा एकाच माणसाचा राहतो, राग आणि माया यांची दोन सोंगे होत नाहीत.

इथे माझ्या प्रतिपादनाला उलटा पुरावा सापडल्यासारखे वाटेल. पालगडच्या गरीब ब्राह्मण घरातल्या बाईशी ग्वाल्हेरच्या सरदारकन्येचा संबंध काय? माळव्याची शिदोरी इथे निरुपयोगीच म्हणायची. मला नेमके उलट दिसते. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला आपलीच मराठी थोडी बाहेरून ऐकू येते. घरातली मराठी त्याला हवेसारखी गृहीत धरता येत नाही, जपावी लागते. त्यामुळे भूमिकेत शिरताना तो सवयीच्या हेलाने बोलत नाही. प्रत्येक शब्द नव्याने उच्चारतो. कोकणात वाढलेल्या नटीने कदाचित कोकण अधिक अस्सल आणले असते, पण त्या अस्सलपणात चित्रपट एका टापूत अडकला असता. वनमालाबाईंच्या आईला टापू नाही, म्हणून ती नागपूर, बेळगाव, बडोदे, उज्जैन इथल्या प्रत्येक मराठी घराला आपली वाटली. १० ऑक्टोबर १९५४ रोजी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा ज़मीन’ त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्राचा मानकरी होता. पदक चित्रपटाला होते. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. त्यामुळे सुवर्णपदकाच्या श्रेयात वनमालाबाईंचा वाटा अधिकृतपणे कधी लिहिलाच गेला नाही, आणि तो अत्रे व गुरुजी यांच्याच खात्यावर जमा होत राहिला.

शेवटचा आक्षेप त्यांच्या पुढच्या आयुष्यातून निघतो. पन्नाशीच्या आसपास त्या सिनेमापासून दूर झाल्या, वृंदावनात राहिल्या, संन्यस्त जीवन पत्करले. म्हणजे त्यांनी स्वतःच आपली कारकीर्द नाकारली ना? या वाचनाला एक आख्यायिका बळ देते : ‘सिकंदर’ पाहताना वडिलांनी रागाच्या भरात पडद्यावर गोळी झाडली, अशी. ती घडली असो वा नसो, तिची लोकप्रियता बोलकी आहे. बापाचा राग, मुलीचा अपराध आणि शेवटी प्रायश्चित्त असा सोयीचा आलेख तिने पुरवला. मात्र वृंदावनातले त्यांचे काम या आलेखात बसत नाही. शास्त्रीय संगीत आणि नृत्य यांच्या शिक्षणासाठी त्यांनी हरिदासांच्या नावाने कलासंस्था उभी केली. स्वामी हरिदास म्हणजे परंपरेने तानसेनाचे गुरू, आणि तानसेनाची समाधी ग्वाल्हेरात. कलेचा पश्चात्ताप झालेला माणूस मुलांना नाच-गाणे शिकवायला बसत नाही. पुण्याच्या वर्गात सुरू झालेले शिक्षिकेचे काम मधल्या काळात कॅमेऱ्यासमोर चालले आणि वृंदावनात पुन्हा वर्गात आले, असे हे आयुष्य एका सुतात वाचता येते.

वनमालाबाई मराठीतल्या सर्वश्रेष्ठ अभिनेत्री होत्या, असे ठरवण्याचा माझा हेतू नाही. अशा स्पर्धा निरर्थक असतात. आक्षेप आहे तो आपल्या हिशेबाच्या पद्धतीवर. मराठी चित्रपटाचा इतिहास त्यांच्या तीनचार चित्रपटांची नोंद करतो, हिंदीचा इतिहास एकाची. दोन्ही नोंदी बरोबर, पण बेरीज चुकीची, कारण ती कुणी केलेलीच नाही. आणि हे एकट्या वनमालाबाईंचे झाले असे नव्हे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, उज्जैन इथून निघालेल्या मराठी कलावंतांचे काम असेच दोन दप्तरांत विभागले जाते, आणि कुठल्याच दप्तरात त्यांचे पुरते माणूसपण दिसत नाही. १९५८पासून कालिदास समारोह भरवणाऱ्या, शूद्रक आणि कालिदास यांच्या नायिकांना आपल्या लेकी मानणाऱ्या उज्जैनने या लेकीचेही चित्रपट एकत्र मांडावेत : मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी, ‘लपंडाव’पासून ‘श्यामची आई’पर्यंत सालवार. तसे वाचले की रुखसाना आणि श्यामची आई यांच्यातले अंतर कमी होईल, आणि बृहन्महाराष्ट्र हा शब्द संमेलनांच्या भाषणांपुरता न राहता कलेच्या इतिहासात काय काम करतो ते सिद्ध करता येईल. पुढील पाने वाचकाने याच क्रमाने वाचावीत, एवढीच या प्रस्तावनेची मागणी आहे.

उज्जैन